सूत्रधाराची शिदोरी

मुलांच्या खेळाकडे घरातील वडीलधारी मंडळी सहसा दोनच दृष्टींनी पाहतात. तो अभ्यासाच्या आड येतो काय, आणि त्यात हातपाय मोडण्याचा संभव आहे काय? या दोन कसोट्यांना जो खेळ उतरला त्याची पुढे कोणी विचारपूस करीत नाही. गेली सात-आठ वर्षे दर शनिवारी सायंकाळी पाच-सहा मुलामुलींना घेऊन मी जो खेळ खेळतो, त्याच्याविषयी मात्र पालक मला पुनःपुन्हा विचारतात. ‘फादर, हा खेळ तरी कसला? पट नाही, पत्ते नाहीत. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. नुसते बोलत बसता!’ आधीच्या धर्मग्रामात हा खेळ सुरू झाला, बदली झाली तेव्हा तो माझ्या ट्रंकेबरोबर नव्या धर्मग्रामात आला, आणि हा प्रश्नही त्याच्या मागोमाग आला.

प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी खेळ सांगतो. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो. कोणी वैद्य होतो, कोणी नावाडी, कोणी सैन्यातून पळून आलेला शिपाई. त्या पात्राला काय जमते व काय जमत नाही, हे एका कागदावर मांडलेले असते. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो जग सांगतो: समोर खाडी आहे, ओहोटी लागली आहे, पलीकडच्या तीरावर कंदील हलतो आहे. खेळाडू आपापले पात्र काय करते ते सांगतात. त्यातून काय घडले ते हा सांगतो. निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकतात. नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशाबरोबर वीस बाजूंचाही फासा असतो. इंग्रजीत या सांगणाऱ्याला ‘गेम मास्टर’ म्हणतात. आपल्या जुन्या रंगभूमीवरचा ‘सूत्रधार’ हा शब्द मला त्याहून जवळचा वाटतो.

या सूत्रधाराने घरून किती तयारी करून यावे आणि किती ऐनवेळी सुचण्यावर सोपवावे, हा या खेळातला फार जुना वाद आहे. वरवर पाहता तो खेळणाऱ्यांपुरता आहे. पण ज्याला ज्याला दुसऱ्यांपुढे उभे राहून काही घडवून आणावयाचे असते, त्या आईबापाला, शिक्षकाला आणि धर्मगुरूलाही तो आपला वाटावा असा आहे.

वादाचे मूळ खेळाहूनही जुने आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील रायस्विट्झ नावाच्या एका तरुण लेफ्टनंटने, वडिलांनी आरंभिलेले काम पुढे नेऊन, युद्धाभ्यासाच्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. मोठा नकाशा, तुकड्या दाखविणारे ठोकळे, फासे आणि दोन पक्षांच्या मध्ये एक पंच. सेनापती आपले हुकूम लिहून पंचाच्या हाती देत, आणि शत्रूचे जेवढे खरोखर दृष्टीस पडले असते तेवढेच पंच नकाशावर मांडी. कोणत्या माऱ्याने किती माणसे पडतील याची कोष्टके ठरलेली होती. पुढे ही कोष्टके पंचाला जाचू लागली. १८७६ साली व्हर्डी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन सेनाधिकाऱ्याने असे मांडले की अनुभवी पंचाने कोष्टके बाजूस ठेवावीत व स्वतःच्या निर्णयबुद्धीने निकाल द्यावा. आधी लिहून ठेवलेले श्रेष्ठ की समोर पाहून सुचलेले श्रेष्ठ, हा झगडा असा सैनिकी छावणीत सुरू झाला.

तेथून तो अमेरिकेत गेला. १८८० साली टॉटन नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने असाच एक ग्रंथ लिहिला, आणि जवळजवळ नव्वद वर्षांनी मिनेसोटा राज्यातील डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या तो हाती लागला. खेळाडू काहीही करू पाहील आणि पंचाने त्याचा निकाल द्यावा, ही त्यातली कल्पना त्याच्या मनात रुजली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्याने ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या एका काल्पनिक जर्मन नगराचा खेळ मांडला. लढाई होणार होती. पण नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा प्रमुख अशाही भूमिका त्याने वाटून दिल्या. झाले असे की लढाईपूर्वीच खेळाडू नगरभर हिंडू लागले, कारस्थाने करू लागले. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. त्याचे नियम वेस्लीपाशी नव्हते. ते त्याला उभ्या-उभ्या रचावे लागले. आपला खेळ साफ फसला असे त्याने मानले. खेळाडू मात्र पुढचा खेळ कधी, असे विचारू लागले. त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. त्याने आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स याने मिळून १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. एका पेटीत तीन लहान पुस्तिका, आणि पहिली आवृत्ती अवघी एक हजार प्रतींची! या जातीचा छापून विकलेला तो पहिला खेळ. आज जगभर जे असे खेळ खेळले जातात, त्या सर्वांचे मूळ त्या पेटीत आहे.

हा खेळ लोकप्रिय झाल्यावर १९८०च्या दशकात अमेरिकेत त्याच्यावर सैतानपूजेचे आरोप झाले, आणि अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी धास्ती घेतली. त्या आरोपांना पुरावा मिळाला नाही. असो. पालक विचारतात, म्हणून एवढा उल्लेख केला.

आपल्याला वादाकडे परत यावयाचे आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार कथानकांच्या पुस्तिका निघू लागल्या. आरंभीच्या काही पुस्तिका मुळात स्पर्धांसाठी रचलेल्या होत्या. स्पर्धेत अनेक टेबलांवर एकच कथा खेळावयाची आणि गुणांची तुलना करावयाची, तेव्हा प्रत्येक खोली व प्रत्येक सापळा आधी लिहिलेला असणे भागच होते. पुढे १९८४ साली ‘ड्रॅगनलान्स’ ही कथामालिका आली. तिच्यात कथा इतकी आधी ठरलेली होती की महत्त्वाचे पात्र मध्येच मेल्यास त्याचा मृतदेह सापडू नये अशी योजना करावी, म्हणजे त्याला पुढच्या भागात परत आणता येईल, अशी सूचनाच सूत्रधाराला होती. अशा खेळाला खेळाडू ‘रेल्वेचे रूळ’ म्हणतात. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडीत बसलेल्या माणसाला खिडकीतून पाहिजे तेवढे पाहता येते. पण नायगावला डावीकडे वळू या, असे त्याला म्हणता येत नाही.

त्याच्या नेमके उलट टोक म्हणजे काहीच न ठरविता बसणे. त्याचे पुरस्कर्ते म्हणतात की खेळाडू जिकडे नेतील तिकडे जावे. त्यांच्या तोंडून निघेल तीच कथा. हे ऐकावयास गोड वाटते. पण रिकाम्या मनाने बसणाऱ्या माणसाला ऐनवेळी जे सुचते ते बहुधा त्याचे स्वतःचे नसते. परवा पाहिलेला चित्रपट त्याच्या तोंडून बोलू लागतो. प्रत्येक गावात एकच दारूचा गुत्ता, प्रत्येक गुत्त्यात तोच एक डोळ्यावर पट्टी बांधलेला माणूस.

उत्स्फूर्तता म्हणजे काय, हे मला सिंधुदुर्गात असताना उमगले. तेथील दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. रंगपटात नट तोंडाला रंग लावीत असताना आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात, प्रसंगांचा क्रम सांगितला जातो, आणि मग रात्रभर चालणाऱ्या नाटकातले संवाद रंगमंचावर उभे राहून रचले जातात. समोरचा नट काय बोलेल हे आधी ठाऊक नसते. त्याचे ऐकूनच उत्तर द्यावे लागते. मी एका नटाला विचारले, ‘हे सारे आयत्या वेळी कसे सुचते?’ तो हसून म्हणाला, ‘आयत्या वेळी नाय फादर, लहानपणापासून सुचताहा.’ पुराणकथा त्याने बालवयापासून ऐकलेल्या होत्या. राजा कसा बोलतो, ऋषी कसा रागावतो, हे त्याच्या अंगात मुरलेले होते. वेळेवर सुचणारा शब्द फार आधी पेरलेला असतो.

आम्हां धर्मगुरूंची घडण वेगळी. पुण्याला सेमिनरीत आमच्या प्रवचनकलेच्या शिक्षकांचा दंडक होता की प्रवचन शब्दशः लिहून काढावे, मोठ्याने वाचावे, मग अर्धे खोडावे. त्या शिस्तीचे ऋण मी आजही मानतो. पण प्रवचन ऐकणारे भाविक सहसा मध्येच उठून ‘मी त्या डोंगरावर चढत नाही, मी पाठीमागच्या दाराने जातो’ असे म्हणत नाहीत. या खेळात पाचव्या मिनिटाला कोणी तरी तसे म्हणतेच. म्हणून सूत्रधाराची तयारी निराळ्या जातीची असावी लागते.

माझी तयारी शुक्रवारी रात्री तासाभराची असते. तिच्यात पहिली गोष्ट नावे. ऐनवेळी सर्वांत अवघड काय असेल तर ते नाव. मुले वाटेत भेटलेल्या कोळणीला तिचे नाव विचारतात, आणि सूत्रधार अडखळला की ती कोळीण बिनमहत्त्वाची आहे हे त्यांना तत्काळ कळते. म्हणून वीस-पंचवीस नावे लिहिलेली असतात. वापरले की खोडावयाचे. दुसरी गोष्ट म्हणजे माणसे. प्रत्येक माणसाविषयी एकच ओळ: त्याला काय हवे आहे, किंवा तो कशाला भितो. तिसरी गोष्ट म्हणजे खेळाडू गावात येण्यापूर्वीच जे खरे आहे ते: खून कोणी केला, विहिरीचे पाणी का बिघडले, दागिना कोठे आहे. चौथी गोष्ट म्हणजे कोणीच मध्ये पडले नाही तर काय होईल. पहिल्या दिवशी बांध फुटेल, तिसऱ्या दिवशी शेते बुडतील, सातव्या दिवशी सावकार ती कवडीमोलाने घेईल. २०१० साली आलेल्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळात व्हिन्सेंट बेकर यांनी ही चौथी रीत चांगली बसविली आहे. सूत्रधाराने कथानक योजू नये, पुढे येणारी संकटे योजावीत, असा त्यांचा आग्रह आहे.

काही गोष्टी मी लिहीत नाही. मुले कोणत्या वाटेने जातील हे लिहीत नाही, आणि शेवट लिहीत नाही. त्या दोन गोष्टी माझ्या नव्हेत.

मायकल शे या अमेरिकन लेखकाने २०१८ साली सूत्रधारांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तयारीच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांतील पहिली पायरी राक्षसांची नव्हे, नकाशाचीही नव्हे. खेळाडूंची पात्रे एकदा डोळ्यांपुढून घालावीत, ही पहिली पायरी. ज्यांच्यासाठी आपण कागद काळे करणार, ती माणसे आधी आठवावीत, हे मला फार शहाणपणाचे वाटले.

या तयारीचा उपयोग कसा होतो, त्याचे एक उदाहरण देतो. ज्याचा हा प्रसंग आहे तो मुलगा आता नोकरीला लागला आहे, आणि त्याला विचारूनच मी हे लिहीत आहे.

आमच्या खेळातील गाव काल्पनिक. पण खाडी, खारे वारे, मिठागरे सारे आपल्याकडचे. सावकार समुद्राचे पाणी शेतात घुसवू पाहत होता. बांधाच्या उघाडीवर त्याचा एक म्हातारा राखणदार होता. मुले त्याच्याशी लढतील, त्याला पैसे चारतील किंवा अंधारातून निसटतील, असा माझा अंदाज. माझ्या कागदावर त्याच्या नावापुढे एकच ओळ होती: तीन वर्षे घरी गेला नाही, मुलाची आठवण येते. टेबलावर चर्चा तलवारीची चालली होती. तेवढ्यात, जो मुलगा संध्याकाळभर दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे, तो म्हणाला, ‘मी त्याच्याजवळ जाऊन बसतो. त्याला विचारतो, तुम्ही घरी कधी जाणार?’

या मुलाचे वडील जहाजावर कामाला होते. टेबलावरच्या सर्वांना ते ठाऊक होते. सगळे गप्प झाले.

अशा वेळी तोंडपाठ केलेले भाषण खोटे ठरले असते. आणि राखणदाराविषयी मला काहीच ठाऊक नसते, तर त्याच्या तोंडून एखादा उपदेश निघाला असता, जो आम्हां धर्मगुरूंच्या जिभेवर सदैव तयारच असतो. पण ती एक ओळ माझ्यापाशी होती. मी राखणदार होऊन म्हणालो, ‘पोरगा आता केवढा झाला असेल, ठाऊक नाही. मी निघालो तेव्हा माझ्या कमरेला लागत होता.’ मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘आता खांद्याला लागत असेल.’

फासे टाकावेत काय, असे एकाने हळूच विचारले. मी नको म्हटले. ज्याचा निकाल लागून गेला आहे त्यासाठी फासे टाकावयाचे नसतात. राखणदाराने किल्ली त्यांच्या हाती दिली आणि तो घरच्या वाटेला लागला. पुढल्या शनिवारी सावकाराने नवा राखणदार ठेवला, मुलांना पुन्हा मेहनत पडली. पण तो म्हातारा कथेतून सुखरूप गेला. मुलाला त्याच्या घरच्या गोष्टीविषयी मी तेव्हा काही विचारले नाही. जे त्याने राखणदाराजवळ ठेवले ते तेथेच राहू द्यावे, असे मला वाटले.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे उत्स्फूर्तताच जिंकली! तसे नाही. उत्स्फूर्ततेच्या नावाखाली फसवणूकही होते, आणि ती रुळांहून वाईट, कारण ती दिसत नाही. समजा, गावाबाहेर दोन वाटा आहेत. सूत्रधाराच्या मनात एक राक्षस आहे. मुले डावीकडे वळली तर तो डावीकडे भेटतो, उजवीकडे वळली तरी तोच उजवीकडे भेटतो. मुलांना वाटते आपण निवड केली. प्रत्यक्षात निवडीला कवडीचे मोल नव्हते. म्हणून राक्षस कोणत्या वाटेवर आहे ते मी शुक्रवारीच लिहितो, आणि शनिवारी बदलत नाही. फासेही सर्वांच्या देखत टाकतो. पुष्कळ सूत्रधार पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकतात व गरजेप्रमाणे आकडा सांगतात. हेतू चांगला असतो. कोणाचे आवडते पात्र मरू नये, एवढाच. पण आपण वाचलो ते आपल्या शहाणपणाने की फादरांच्या दयेने, हे मुलांना कळेनासे होते, आणि मग शहाणपणाने वागण्यात त्यांना राम वाटत नाही.

रहस्यकथा खेळावयाची असेल तर पक्की तयारी लागतेच. खुनी कोण हे आधी ठरले नसेल, तर शोध हा शोध राहत नाही. पण तेथेही माप आहे. जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ साली एक साधा नियम मांडला: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असे वाटते, त्यासाठी किमान तीन खुणा ठेवाव्यात. एक त्यांच्या नजरेतून सुटते, दुसरीकडे ते दुर्लक्ष करतात, तिसरीचा बहुधा चुकीचा अर्थ लावतात, आणि तरीही तिन्हींच्या आधाराने वाट सापडते. एकाच खुणेवर सारी कथा टांगणारा सूत्रधार शेवटी मुलांच्या कानात उत्तर सांगू लागतो. शाळेत शिकविणाऱ्या वाचकांना हे अनुभवाने पटेल.

नवख्या सूत्रधाराने छापील पुस्तिका घेऊन आरंभ करावा, यात कमीपणा नाही. आमच्यातील एका मुलीने तशीच सुरुवात केली. पुस्तिका छातीशी धरून ती बसली होती. तिसऱ्या शनिवारी तिने ती मिटून टेबलावर ठेवली. चौथ्या शनिवारी घरीच ठेवली. तिने ती वाचली नव्हती असे नव्हे. ती इतकी वाचली होती की आता तिला मुलांच्या चेहऱ्याकडे पाहण्यास सवड मिळाली होती.

तयारीचे प्रयोजन हेच असावे, असे मला वाटते. घरून निघताना आई शिदोरी बांधून देते ती प्रवास कसा होईल हे ठरविण्यासाठी नव्हे. वाटेत भूक लागेल तेव्हा लेकराने अन्नाच्या चिंतेत न पडता रस्त्याकडे आणि सोबत्यांकडे पाहावे, म्हणून ती असते. जो सूत्रधार काहीच बांधून आणीत नाही, तो सारा वेळ स्वतःच्याच भुकेत गुंतलेला असतो; पुढे काय सांगू, पुढे काय सांगू! आणि जो सारा रस्ताच बांधून आणतो, त्याला सोबत्यांची गरज उरत नाही. दोघांचेही समोरच्याकडे लक्ष नसते. वाद तयारी आणि उत्स्फूर्तता यांचा दिसतो. माझ्या मते खरी कसोटी एवढीच की समोरचा काही बोलला तर त्याने काही बदलते काय.

शनिवारसाठी माझ्याकडे एक साधी दोनशेपानी वही आहे. प्रत्येक शनिवारला एक पान. वरचा अर्धा भाग शुक्रवारी रात्री भरतो: नावे, माणसे, खरे काय, आणि कोणी अडविले नाही तर काय घडेल. खालचा अर्धा भाग कोरा ठेवतो. मुले घरी गेली, खुर्च्या लावून झाल्या, की मग तो लिहावयास बसतो. अलीकडे खालचा मजकूर पानात मावत नाही. समासात लिहावा लागतो.